‘साहेबांना सांगितलं होतं’ एवढ्याने भागत नाही

सदर : नोकरी-धंदा आणि आपले घर



‘साहेबांना सांगितलं होतं’ हे वाक्य आपल्या वस्त्यांत जितक्या वेळा ऐकू येते, तितके क्वचितच दुसरे कोणते ऐकू येत असेल. पगारातले नऊ दिवस कापले गेले, साहेबांना सांगितलं होतं. मशीनचा पत्रा निघाला होता, मुकादमाला सांगितलं होतं. आई आजारी म्हणून चार दिवस गावी गेलो, सुपरवायझरला सांगून गेलो होतो. आणि मग पुढचे वाक्य ठरलेले असते : ‘आता तो म्हणतो, मला कोणी सांगितलंच नाही.’

दुर्गापूर, घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा, भद्रावती या पट्ट्यात कोळसा खाण, वीज केंद्र, कागद कारखाना, सिमेंट कारखाना हीच आपल्या घरांची चूल पेटवणारी कामे. तिकडे वडसा, ब्रह्मपुरी, मूल भागात राइस मिल आणि गडचिरोलीत जंगलाचे काम, तेंदूपत्ता, बांबू. कामे वेगळी, पण दुखणे एक. आपला माणूस अंगमेहनतीत कोणाला हार जात नाही; कागद पुढे आला की मात्र त्याचा हात थांबतो. त्यातून होणारे नुकसान शेवटी घरातल्या डब्यात आणि लेकरांच्या फीमध्ये दिसते. म्हणून या वेळी आम्ही कामाच्या जागी कसे लिहावे आणि कसे बोलावे, याबद्दल लिहीत आहोत.

मुक्यांच्या नायकाचा वारसा

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पहिले पाक्षिक काढले, त्याचे नाव ‘मूकनायक’. ज्यांना वाचा नव्हती त्यांच्यासाठी बोलणारा, हाच त्या नावाचा अर्थ. पण अर्ज लिहिण्याची परंपरा आपल्या समाजात त्याच्याही आधीची आहे. १८९० च्या दशकात इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. पिढ्यान् पिढ्या पलटणीत राहिलेल्या घरांची भाकरी एका हुकमाने गेली. तेव्हा निवृत्त लष्करी गोपाळबाबा वलंगकर यांनी सरकारकडे विनंतीअर्ज केला. पुढे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी सभा भरवून, सह्या गोळा करून अर्ज धाडले. १९१० साली तर थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. उत्तर लगेच मिळाले नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली भरती उघडली आणि युद्धानंतर पुन्हा बंद झाली. शेवटी १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंट उभी राहिली. कामावरून काढलेल्या माणसांनी कामासाठी केलेले हे अर्ज होते. एका अर्जाने सगळे होत नाही, पण अर्जच नसेल तर पुढच्याने कशाचा आधार घ्यायचा?

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हाची एक गोष्ट आपल्या कोळसापट्ट्याने विसरू नये. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद भागातील खाणींवर गेले. नुसते अहवाल चाळून ते थांबले नाहीत. स्वतः खाणीत उतरले, मजुरांच्या खोल्या पाहिल्या. जानेवारी १९४४ च्या अखेरीस कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. आधी डोळ्यांनी पाहिले, मग कागदावर आले. चांगल्या लिखाणाची हीच रीत आहे.

अन्याय शब्दाने दिसत नाही, तपशिलाने दिसतो

आमच्या पाहण्यात येणाऱ्या बहुतेक अर्जांची सुरुवात साधारण अशी असते : ‘मी अत्यंत गरीब माणूस असून गेल्या महिन्यापासून माझ्यावर घोर अन्याय होत आहे, माझी लेकरंबाळं उपाशी आहेत, आपण मायबाप आहात, तरी माझ्याकडे दयाळू दृष्टीने पाहावे.’ यातला शब्द न् शब्द खरा असेल. पण टेबलामागच्या बाबूला यातून काय समजले? पैसे किती राहिले? कोणत्या महिन्याचे? कोणाकडे? काहीच नाही. तो कागद बाजूला ठेवतो आणि त्याला तसे करायला आपणच वाट करून देतो.

शिवाय ‘मायबाप’ हा शब्द आता सोडूनच द्यावा. आपण केलेल्या कामाचा मोबदला मागतो आहोत, भीक मागत नाही. संविधान लागू झाल्यापासून या देशात नागरिक आहेत आणि अधिकारी आहेत. मायबाप आपल्या घरी आहेत.

तोच अर्ज असा लिहून पाहा :

प्रति,
मा. व्यवस्थापक,
(कंपनीचे नाव व पत्ता)

विषय : ऑगस्ट महिन्यातील ९ दिवसांचे वेतन न मिळाल्याबाबत.

महोदय,
मी आपल्या कोळसा हाताळणी विभागात ठेकेदार (नाव) यांच्याकडे कामावर आहे. माझा गेटपास क्रमांक (…) आहे. ऑगस्ट महिन्यात मी २४ दिवस काम केले. त्यापैकी १५ दिवसांचे वेतन मला मिळाले. ता. १८ ते २२ आणि ता. २५ ते २८ या ९ दिवसांचे वेतन मिळालेले नाही. ता. ८ सप्टेंबर रोजी मी ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे तोंडी विचारणा केली, परंतु उत्तर मिळाले नाही.
तरी वरील ९ दिवसांचे वेतन ता. ३० सप्टेंबरपर्यंत मिळावे, अथवा न देण्याचे कारण लेखी कळवावे, ही विनंती.

सोबत : गेटपास व हजेरी कार्डाची झेरॉक्स.
प्रत माहितीसाठी : ठेकेदार (नाव).

आपला विश्वासू,
(सही, पूर्ण नाव, पत्ता, तारीख)

या अर्जात एकही मोठा शब्द नाही. कोण, कधी, कुठे, किती आणि काय हवे, या पाच प्रश्नांची उत्तरे आहेत. शेवटची ओळ नीट पाहा : पैसे द्या, नाही तर कारण लेखी द्या. आता गप्प बसणेसुद्धा समोरच्याला अवघड जाते. अर्ज ठेकेदाराऐवजी कंपनीच्या व्यवस्थापकाला का लिहिला, असे कोणी विचारील. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे कायद्यात आहे. म्हणून मूळ मालकाला ती गोष्ट कागदावर कळलेली असली पाहिजे.

नियम एवढाच : एका अर्जात एकच विषय. वेतन, रजा आणि सुपरवायझरचे वागणे अशी तिन्ही दुखणी एकाच कागदावर मांडली, तर तिघांनाही औषध मिळत नाही.

पोच हा अर्जाचा प्राण

अर्जाच्या नेहमी दोन प्रती काढा. एक द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही घ्या. हीच पोच. पोच नसलेला अर्ज आणि तोंडी सांगणे यांत फारसा फरक नाही. घेणारा ‘ठेवून जा, पाहतो’ म्हणाला, तर नम्रपणे म्हणावे, ‘साहेब, तेवढा शिक्का द्या, म्हणजे मला घरी दाखवता येईल.’ तरीही दिला नाही तर भांडू नये. पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पोच मिळेल अशी सोय मागून घ्यावी. पूर्वीचे रजिस्टर पोस्ट २०२५ पासून स्पीड पोस्टातच सामील झाले आहे. ती पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.

आजकाल हजेरी, पाळी, रजा सगळे व्हॉट्सॲपवर चालते. तो निरोप जरूर ठेवा, पुसू नका, त्याचा फोटो घेऊन ठेवा. पण महत्त्वाची गोष्ट केवळ त्याच्यावर सोडू नका. मोबाइल पाण्यात पडतो, सुपरवायझर बदलतो. शिक्का मारलेला कागद जागेवर राहतो.

भाषेचा धाक नको

‘इंग्रजी येत नाही, मग काय लिहू?’ असे आपले तरुण विचारतात. त्यांनी संविधानाचे कलम ३५० वाचावे. आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, असे ते कलम सांगते. मराठीतला अर्ज ‘इंग्रजीत आणा’ म्हणून परत करणाऱ्या सरकारी कार्यालयाला हे कलम नम्रपणे दाखवता येते.

आपली घरची बोली झाडीची आहे, कोणाची वऱ्हाडी आहे. तिची लाज बाळगू नका. भगवान बुद्धांकडे दोन भिक्षूंनी बुद्धवचन पंडितांच्या छंदस् भाषेत बांधण्याची परवानगी मागितली, तेव्हा त्यांनी नकार दिला आणि लोकांनी ते आपापल्या बोलीतच शिकावे असे सांगितले. अर्जालाही तेच लागू आहे. ‘उपरोक्त विषयान्वये’, ‘सविनय सादर’ असे शब्द घालून अर्ज वजनदार होत नाही. आकडे आणि तारखा त्याला वजन देतात.

लिहिताना सम्यक वाणी

अष्टांगिक मार्गात सम्यक वाणी सांगितली आहे : खोटे बोलू नये, चहाडी करू नये, कठोर बोलू नये, वायफळ बडबड करू नये. चांगले बोलणे कसे असावे हेही भगवंतांनी सांगितले : ते वेळेवर असावे, खरे असावे, सौम्य असावे, हिताचे असावे आणि मैत्रीभावाने केलेले असावे. अर्ज लिहून झाला की या पाच कसोट्या लावून एकदा वाचावा.

खरे : जे आपण पाहिले ते ‘मी पाहिले’ म्हणून लिहावे, जे ऐकले ते ‘मला अमुक यांनी सांगितले’ असे लिहावे. नऊ दिवसांचे पंधरा करू नयेत. एक आकडा खोटा निघाला की उरलेले आठ खरे आकडेही बुडतात. वेळेवर : अपघात झाला तर त्याच दिवशी, जमल्यास त्याच पाळीत लेखी कळवावे. सौम्य : ‘सुपरवायझर हलकट आहे’ असे लिहिले तर आपल्यावरच कारवाई होते, ‘ता. ५ रोजी दुपारी ३ वाजता त्यांनी मला अमुक शब्द वापरले, तेव्हा हे दोघे हजर होते’ असे लिहिले तर त्यांना उत्तर द्यावे लागते. जातीवरून अपमान झाला असेल, तर ते शब्द जसेच्या तसे, जागा, वेळ आणि साक्षीदारांसह लिहावेत. राग गिळा असे आम्ही म्हणत नाही. तो रात्री वेगळ्या कागदावर उतरवा आणि सकाळी अर्ज लिहा.

मोठ्या अपमानातही मुद्देसूद कसे लिहावे, हे बाबासाहेबांच्या राजीनाम्यात दिसते. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. १० ऑक्टोबरला सभागृहात निवेदन करायला उभे राहणार, तर आधी प्रत द्या अशी अट पुढे आली. बाबासाहेब बाहेर पडले आणि त्यांनी लेखी निवेदन वृत्तपत्रांच्या हाती दिले. त्यात राजीनाम्याची कारणे एकामागून एक मांडलेली आहेत. शेवटचे आणि निकराचे कारण हिंदू कोड बिलाचे. सभागृहातले बोलणे अडवता आले, पण लिहिलेले निवेदन देशभर पोचले आणि आज आपणही ते वाचू शकतो.

सही करण्यापूर्वी

लिहिण्याइतकेच महत्त्व सहीला आहे. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नका. त्याच कागदावर उद्या ‘मी स्वखुशीने काम सोडत आहे’ असे येऊ शकते. नोटीस हातात आली तर ‘प्रत मिळाली’ एवढेच लिहून तारखेसह सही करा. मिळाली म्हणजे मान्य आहे, असे होत नाही.

‘कारणे दाखवा’ नोटीस आली की घाबरून घरी बसणारे आपले अनेक भाऊ आहेत. उत्तर न देणे म्हणजे आरोप कबूल करण्यासारखेच धरले जाते. नोटिशीतील मुदत आधी पाहा. प्रत्येक मुद्द्याला त्याच क्रमांकाने उत्तर द्या. वेळ कमी असेल तर मुदत वाढवून लेखी मागा. ज्या कागदांच्या आधारे आरोप केला, त्यांच्या प्रती मागा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यांप्रमाणे कामगाराला नेमणूकपत्र आणि पगाराची चिठ्ठी मिळाली पाहिजे, मासिक वेतन पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळाले पाहिजे, आणि थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. आपल्याकडे नेमणूकपत्र नसेल तर ते मागणारा साधा चार ओळींचा अर्ज हाच आपला पहिला अर्ज असू द्या. कंपनीत दाद लागली नाही, तर कोळसा खाणीतल्या कामगाराने केंद्राच्या श्रम खात्याकडे आणि कागद कारखाना, राइस मिल यांतल्या कामगाराने राज्याच्या कामगार कार्यालयाकडे जावे. जाताना पोच घेतलेल्या प्रती बरोबर असाव्यात.

सरकारी कंपनी किंवा कार्यालय असेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपयांची फी भरून अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फी नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे राज्याच्या कार्यालयातील अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. म्हणजे थोडक्यात लिहिणे आता कायद्यानेच शिकवले आहे.

एक गोष्ट घरातल्या सर्वांनी मिळून करावी. आधार, शाळेचा दाखला, जातीचा दाखला, फंडाचे खाते आणि बँकेचे पासबुक पुढे ठेवून नाव आणि जन्मतारीख सर्वत्र सारखी आहे का, हे पाहावे. एका वेलांटीसाठी फंडाचे पैसे अडकतात. कामावरचा माणूस दगावल्यावर विधवेला ती वेलांटी दुरुस्त करत फिरावे लागते, यासारखे दुःख नाही.

आपल्या भगिनींसाठी

अंगणवाडी, आशा, राइस मिल, नर्सरी, शाळेतील खिचडी अशा कामांवर आपल्या बहिणी मोठ्या संख्येने आहेत. कामाच्या जागी कोणी लैंगिक त्रास देत असेल, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी तक्रार समिती असलीच पाहिजे. लहान जागी काम करणाऱ्या बहिणीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घेण्यास मदत करणे, हे त्या समितीचे कर्तव्य आहे. घरच्या पुरुषांनी ‘बदनामी होईल’ म्हणून तिचा हात धरू नये. तिच्याबरोबर बसून तारखा आठवाव्यात.

जंगलातही कागद लागतो

कोणी म्हणेल, हे कारखान्याचे झाले. आमचे तेंदूपत्त्याचे काय? तिथे तर रोजच्या रोज लिहावे लागते. उन्हाळ्यात पहाटेपासून पाने तोडून, सत्तर पानांचा पुडा बांधून संध्याकाळी फळीवर नेला की मुन्शी कार्डावर आकडा टाकतो. तो आकडा तिथेच, उजेडात, मोठ्याने वाचून घ्यावा आणि घरी वहीत उतरवावा. हंगाम संपल्यावर पैसे थकले तर आपल्याजवळ ती वहीच असते. शाळेत जाणाऱ्या मुलीला हे काम द्या.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचे उदाहरण सर्वांनी डोळ्यांपुढे ठेवावे. तिथली ग्रामसभा निर्णय सर्वसहमतीने घेते, आणि कायदा समजून घेण्यासाठी गावात अभ्यासगट बसतो. वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखाते देईना. गावाचे म्हणणे एवढेच होते की कायद्यातच बांबू गौण वनोपज म्हणून लिहिलेला आहे. मार्च २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून तेच सांगितले, आणि एप्रिल २०११ मध्ये परवान्याचे पुस्तक गावाच्या हाती आले. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी कायदा वाचला, त्यातला शब्द धरून ठेवला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही.

याच कायद्याखाली जंगलालगतच्या आपल्या बौद्ध कुटुंबांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करता येतो. त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. हे कठीण आहे. पण गावातील म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब, जुनी विहीर, दफनभूमी, निस्तारपत्रक, हे सगळे पुरावे नियमांत बसतात. त्यातले एकापेक्षा अधिक जोडावेत. दावा फेटाळला तर साठ दिवसांत वरच्या समितीकडे जाता येते. आजोबांचा जबाब आजच लिहून घ्या. ते गेल्यावर तो पुरावा कुठून आणणार?

विहारात एक तास

आमची सूचना साधी आहे. रविवारी वंदना झाल्यावर विहारात एक तास अर्जाचा वर्ग ठेवावा. वस्तीत निवृत्त कारकून, शिक्षक, पोस्टमन असतात, त्यांनी शिकवावे. प्रत्येक घराने एक फाइल करावी : नेमणूकपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, अर्जांच्या पोच घेतलेल्या प्रती. पाळी बदलताना ‘बेल्टचा गार्ड निघाला आहे’ असे पुढच्या गड्याला नुसते ओरडून सांगू नये, रजिस्टरला लिहावे. कोणाचा तरी हात त्याने वाचेल. साहेबांशी बोलणे झाले की त्याच दिवशी दोन ओळी लिहून द्याव्यात : ‘आज सकाळी ११ वाजता आपण मला अमुक सांगितले, त्याप्रमाणे मी काम करीत आहे.’

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरच्या भूमीवर आपल्या माणसांना धम्मदीक्षा दिली. त्या दिवशी मैदानात उभ्या असलेल्या कित्येकांना सही येत नव्हती. त्यांची नातवंडे, पणतवंडे आज शिकलेली आहेत. त्यांनी या आठवड्यात घरातल्या कष्टकरी माणसाशेजारी बसून एक अर्ज लिहावा आणि त्याची पोच फाइलला लावावी.

जयभीम! नमो बुद्धाय!